गावाखाली शेत, शेताखाली विहीर

आमच्या अमरावतीच्या गल्लीत फुलं आणि पालेभाजी घेऊन एक मावशी यायची. भातकुलीच्या पुढे तिचं खेडं. पहिल्या एसटीनं निघायची आणि आमच्याकडे दूध तापत असतानाच फाटकाशी यायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा तिनं टोपली खाली ठेवायच्या आधीच आईला सांगितलं, "बाई, आमच्या विहिरीचं पानी गोड निघालं. अकोल्याच्या मशीननं सांगतलं."

आईचा विश्वास बसला नाही. त्या भागातलं पाणी ज्यांना माहीत आहे त्यांच्यातल्या कोणाचाच बसला नसता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा तो पट्टा खारपाणाचा. जमीन काळी, दिसायला देखणी, पण खाली लागतं ते पाणी पिकाला दिलं तर पीक माना टाकतं आणि जमीनही हळूहळू दगडासारखी होते. पाऊस येईल तेवढीच शेती. मावशी आमच्याकडे आणायची ती फुलंसुद्धा तिच्या वावरातली नसायची. चांदूरबाजारकडे तिचा भाऊ होता, त्याच्याकडून आणून ती विकायची.

मी चप्पल घालत होते. अकोल्याची गाडी गाठायची होती. 'अकोल्याचं मशीन' ऐकलं आणि थांबले, कारण ते मशीन आमचंच होतं.

मी तेव्हा अकोल्यात एका छोट्या ऑफिसात प्रोग्राम लिहायचं काम करत होते. इंजिनीअरिंग झालं होतं, वर्गातले बहुतेक जण पुण्याला निघून गेले होते, आणि मी रोज अमरावती-अकोला अपडाउन करत होते. आज जाईन, उद्या जाईन असं मनात चाललेलं असायचं, पण जात नव्हते. आमच्या ऑफिसनं पाणी तपासणाऱ्या एका खाजगी लॅबसाठी सी भाषेत एक प्रोग्राम केला होता. शेतकरी विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत भरून आणायचे, लॅब ते तपासायची, आकडे आमच्या प्रोग्राममध्ये भरायची, आणि प्रोग्राम अहवाल छापून द्यायचा: पाणी गोड, मध्यम की खारं, कोणत्या पिकाला चालेल, कोणत्या नाही. त्या वर्षांत सरकार, संस्था, वर्तमानपत्रं सगळे शेतकऱ्याला काही ना काही सांगायला धावत होते. लॅबकडे बाटल्यांची रांग लागायची.

मावशीनं पदराच्या गाठीतून कागद काढून दिला. तो वाचून मला आधी आनंदच झाला. पाणी गोड, फुलशेतीस योग्य. मग मधली ओळ दिसली. स्रोत: बोअर. खोली इतकी लिहिली होती की आमच्याकडच्या विहिरी तिच्या पासंगाला पुरल्या नसत्या.

"मावशी, तुमची तर विहीर आहे ना? बोअर कुठला?"

"चुकून लिवलं असन. गोड हाय ना, झालं तं मग."

"बोअर नाहीच तुमच्याकडे?"

"आता घेऊन राहिली ना. विहिरीचं पानी फुलाले नाई पुरत. हा कागद पाहूनच गाडी सांगतली. परवा आमच्या शिवारात येते. ह्या वक्ती गेली की वापस कधी येईन, काही भरोसा नाई."

बोअर खणणाऱ्या गाड्या तेव्हा दक्षिणेकडून यायच्या. एका शिवारात उतरल्या की चार-सहा जणांचे बोअर करून पुढे निघून जायच्या.

"थोडं थांबता येईल का?" मी विचारलं.

तिनं टोपलीतल्या मेथीच्या जुड्या उगीच सारख्या केल्या. मग आईकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "थांबून काय करू, बाई? त्याले कामाले लावाचं हाय मले. दिवाळीपासून बोलतच नाई तो. वसरीत बसून रायते नुसता. पानी लागलं, फुलं लावली, त उठन तरी."

तो म्हणजे तिचा नवरा. आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना पुढचं विचारायची गरज नव्हती. त्या दिवसांत वऱ्हाडात गप्प बसलेल्या माणसाकडे सगळे वळून वळून पाहायचे. त्याच्या हातातला दोर, त्याच्या खाटेखालचा फवारणीचा डबा, सगळ्यावर घरच्यांचा डोळा असायचा, आणि कोणी कोणाला काही बोलून दाखवायचं नाही.

गाडीत मला बसवेना. बडनेऱ्याला जागा मिळाली तरी मी दारापाशी उभी राहिले. मूर्तिजापूरला गाडी नेहमीसारखी थांबून राहिली. कापूस निघून गेलेली उघडी रानं दोन्ही बाजूंना होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. विहिरीच्या जागी बोअर. एक तर लॅबमध्ये कोणी आकडे चुकीचे भरले असतील, किंवा एकाचं पाणी दुसऱ्याच्या नावावर छापलं गेलं असेल. पहिलं असेल तर एका अहवालाचा प्रश्न. दुसरं असेल तर असे किती कागद किती पदरांच्या गाठींत असतील, कोणास ठाऊक.

ऑफिसात आम्ही दोघीच प्रोग्राम लिहिणाऱ्या. दुसरी माझ्याहून मोठी, अकोल्याचीच. तिच्या वडिलांचं पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. तिला सगळं ऑफिस आपा म्हणायचं, ऑफिस चालवणारे आमचे सरसुद्धा. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "लिहिनेवाला तो पुना चला गया. आता आपल्यालेच उघडून पाहा लागन."

हा प्रोग्राम ज्यानं लिहिला होता तो आमच्याआधीचा मुलगा पुण्याच्या कंपनीत गेला होता. आम्हाला तो चालू स्थितीत मिळाला, आणि चालतो तोवर कशाला हात लावा, असं आमच्या सरांचं मत होतं. सर ऐकून आधी वैतागले. "लॅबवाल्यांनीच घोळ केला असेल," म्हणाले. पण लगेच फोन उचलून त्यांनी लॅबला विचारलंही. लॅबमध्ये मावशीचा नमुना शिल्लक नव्हता, बाटल्या आठवड्याला रिकाम्या करत. नोंद भरणाऱ्या माणसाला एवढं मात्र आठवलं की त्या बाईनं आडनाव चुकीचं पडलं म्हणून भांडून ते दुरुस्त करून घेतलं होतं.

"नाव दुरुस्त केल्यानं पाणी कसं बदलेल?" सर म्हणाले. त्या वेळी मलाही ते पटलं.

आम्ही प्रोग्राम डीबगरमध्ये चालवायला घेतला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय आहे ते दाखवणारं साधन. आमच्या प्रोग्रामच्या पोटात गावं होती. प्रत्येक गावात शेतं, प्रत्येक शेतात विहिरी किंवा बोअर, प्रत्येक विहिरीचे नमुने, आणि प्रत्येक नमुन्यात क्षारांचे आकडे. एकाच्या आत दुसरं, दुसऱ्याच्या आत तिसरं. डीबगरला म्हटलं, गाव दाखव. त्यानं एका लांबच लांब ओळीत सगळं ओतलं. महिरपी कंसाच्या आत महिरपी कंस, स्वल्पविराम, आकडे, पुन्हा कंस. कुठलं शेत कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते बोट लावूनही कळेना. त्यातही, जिथं विहीर दिसायला हवी तिथं शून्य आणि एक्सपासून सुरू होणारा एक पत्ताच होता. सी भाषेत हे असंच चालतं. शेताच्या नोंदीत विहीर नसते, मेमरीत ती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता असतो. तो पत्ता घेऊन तिथं जा, तिथं नमुन्याचा पत्ता मिळेल. तो घेऊन पुढे जा. एका नमुन्यात पुढच्या नमुन्याचा पत्ता, अशी साखळी.

मी एकेक पत्ता टाइप करत आत जाऊ लागले. तिसऱ्या पायरीवर गेलं की मी कोणाच्या शेतात आहे तेच विसरायचे. पुन्हा वर यायचं, पुन्हा आत. आणि भारनियमनाची वेळ डोक्यावर. वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं आणि तेही थोडाच वेळ. गाडी परवा येते हे मावशीचं वाक्य कानातून जात नव्हतं.

आपानं माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "अशानं आपन दोघी पागल होऊन जाऊ. रुक. छापायचं फंक्शन लिहू."

"वेळ कुठे आहे, आपा?"

"म्हनूनच."

वीज गेली तेव्हा तिनं पाठकोऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली होती. खिडकीजवळ टेबल सरकवून आम्ही तिथंच बसलो. कल्पना साधी होती. फंक्शननं गाव छापायचं. मग गावातलं प्रत्येक शेत छापायचं, पण खालच्या ओळीत आणि थोडं उजवीकडे सरकवून. शेताची विहीर त्याच्याखाली, आणखी उजवीकडे. नमुना आणखी आत. आपण किती खोल आलो ते फंक्शनला सोबत सांगत जायचं, म्हणजे तेवढ्या मोकळ्या जागा सोडून ते ओळ लिहील. प्रत्येक ओळीत नाव, आकडे, आणि शेवटी तो मेमरीतला पत्ताही.

"पत्ता कशाला? कचरा वाढेल," मी म्हणाले.

"असू दे. घर माहीत असलेलं बरं."

वीज आल्यावर आम्ही ते टाइप केलं आणि चालवलं. भातकुलीची गावं सरळ खाली उतरत आली. पायऱ्या पायऱ्यांनी. गाव, त्याच्या पोटात शेत, शेताच्या पोटात विहीर. इतका वेळ ज्या कंसांत मी गुदमरत होते तेच आता पाहता क्षणी वाचता येत होतं. लॅबकडून आम्ही नाव दुरुस्तीच्या आधीची फाइल आणवली होती, तिच्यात मावशीचं शेत सापडलं. त्याखाली विहीर आणि तिची बरोबर खोली, पाण्याचे आकडे तेव्हा अजून भरायचे होते. म्हणजे फाइलमध्ये मुळात लॅबनं काही चुकवलं नव्हतं.

"आता नाव दुरुस्त कर," आपा म्हणाली. "जसं लॅबवाल्यानं केलं असन तसं. मग त्याच्या बादची नोंद भर."

लॅबमध्ये मावशीनंतर चांदूरबाजारकडच्या एका संत्र्याच्या बागेचं पाणी आलं होतं. मी मावशीचं आडनाव बदललं, बागेची नोंद भरली, आणि छापायचं फंक्शन पुन्हा चालवलं.

स्क्रीन थांबेचना. ओळी उजवीकडे सरकत, खाली धावत होत्या. नमुना, त्याखाली नमुना, त्याखाली पुन्हा तोच नमुना. संत्र्याच्या बागेच्या बोअरमधले आकडे पुन्हा पुन्हा येत राहिले. मी घाबरून प्रोग्राम बंद केला. "फंक्शनच चुकलंय आपलं."

आपानं स्क्रीनवर राहिलेल्या शेवटच्या ओळींतले पत्ते बोट लावून वाचले. "नाई," ती म्हणाली. "साखळी गोल झाली. शेवटच्या नमुन्यानं पहिल्याचाच पत्ता धरला. आपलं फंक्शन बिचारं गोल गोल फिरून राहिलं."

मग ती आणखी एक गोष्ट लिहायला बसली. छापून झालेले पत्ते फंक्शननं लक्षात ठेवायचे. तोच पत्ता पुन्हा भेटला तर आत शिरायचं नाही, फक्त 'हा वर आला आहे' असं लिहून पुढे जायचं. एवढ्याशा बदलात माझ्याकडून एक अर्धविराम राहिला आणि तो शोधण्यात दुपार गेली. मी पंख्याखालून उठून दारात जात होते, परत येत होते. आपा एकदाच बोलली. "बस ना जरा. तू उभी राहिली की माझ्या हाताले घाई सुटते."

या वेळी प्रोग्राम थांबला. संत्र्याची बाग आधी आली, बोअर, खोली, गोड पाण्याचे आकडे, सगळं जिथल्या तिथे. मग भातकुलीची गावं. मावशीचं शेत, दुरुस्त केलेल्या नव्या आडनावानं. त्याखाली, एक पायरी आत सरकून, एकच ओळ होती.

हा वर आला आहे.

आम्ही दोघींनी पत्ते जुळवून पाहिले. मावशीच्या शेताखाली आणि बागेखाली तोच पत्ता, अक्षर न् अक्षर सारखा. आता सगळं उलगडत गेलं. नाव दुरुस्त करताना प्रोग्राम शेताची नवी प्रत करायचा आणि जुनी नोंद तिच्या विहिरीसकट मोडून टाकायचा. नव्या प्रतीत विहिरीचा पत्ता तसाच उतरलेला असायचा, पण त्या पत्त्यावर विहीर राहिलेली नसायची. ती मोकळी जागा मेमरीत पुढे येणाऱ्याला मिळायची. पुढे संत्र्याची बाग आली आणि मावशीच्या पत्त्यावर राहायला लागली.

आपानं डोळे चोळले. "नाव बरोबर करून घेतलं बिचारीनं, आणि पानी गेलं."

सर आमच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. "म्हणजे ज्यांनी ज्यांनी नाव दुरुस्त करून घेतलं..." त्यांनी तिथूनच लॅबला फोन लावला, आणि मी निघेपर्यंत ते फोनवरच होते. अशा सगळ्यांना पुन्हा नमुना आणायला सांगायचं ठरलं. मावशीच्या खेड्यात फोन एकाच घरी होता आणि तो लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला न जाता भातकुलीची एसटी धरली. पिशवीत लॅबच्या रिकाम्या बाटल्या होत्या. गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हाच बोअरच्या गाडीचा घरघराट ऐकू आला. कोणाच्या तरी शेतातून पांढरी धूळ वर उडत होती. गाडी एक दिवस आधीच आली होती. मी जवळजवळ पळतच मावशीचं घर गाठलं.

मावशी अंगणात होती. मला पाहून तिला आधी काही कळेना. मी धापा टाकत सांगितलं, की कागद चुकीचा आहे, ते पाणी तुमचं नाही, बोअर घेऊ नका.

तिचा चेहरा बदलत गेला. "काऊन?" ती म्हणाली. "कालपरवापर्यंत गोड होतं, आज काऊन नाई? तुमच्याच मशीननं लिवलं ना?"

"मशीनचीच चूक झाली, मावशी. दुसऱ्याचं पाणी तुमच्या नावावर छापलं गेलं."

"माया नंबर लागला हाय. ह्या दोन वावरानंतर मायं वावर. तू आता येऊन सांगून राहिली." तिनं धूळ उडत होती तिकडे हात केला. "मी नाई थांबत. खारं लागलं त लागलं."

वसरीत एक माणूस खांबाला टेकून बसला होता. तो तिचा नवरा असणार हे मला कळलं. त्यानं आतापर्यंत आमच्याकडे मान वळवली नव्हती. मी बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "काका, विहिरीचं पाणी पुन्हा तपासू. मी आजच घेऊन जाते. उद्या कळेल. तेवढं थांबा."

तो माणूस बाटल्यांकडे पाहत राहिला. मग पहिल्यांदाच बोलला. "एकाचं पानी दुसऱ्याच्या नावावर गेलं कसं?"

मावशीनं चटकन त्याच्याकडे पाहिलं.

मी अंगणातली एक काडी उचलली. धुळीत गाव काढलं, त्याखाली थोडं आत सरकून शेत, त्याखाली विहीर. शेताला विहीर माहीत नसते, फक्त तिचा पत्ता माहीत असतो, असं सांगितलं. जुनं शेत मोडलं तेव्हा विहीरही मोडली, पण नव्या शेताकडे पत्ता जुनाच राहिला. मग त्या पत्त्यावर बागवाला येऊन बसला. काका वसरीतून उतरून उकिडवे बसले होते. त्यांनी बोटानं विहिरीच्या चौकोनापर्यंत रेघ ओढली. "म्हंजे आमच्या नावाखाली आता काहीच नाई?"

"आता काहीच नाही."

"मंग भरा," ते म्हणाले आणि उठले.

विहिरीवर त्यांनीच बादली सोडली. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसऱ्या बादलीतून बाटल्या विसळल्या, मग भरल्या. शेजारच्या शेतात गाडीचा आवाज चालूच होता. मावशी बांधावर उभी होती, गाडीकडे पाहत, आमच्याकडे पाहत. बाटल्यांची झाकणं लावून झाल्यावर काका म्हणाले, "मी येतो अकोल्याले. मले पाहाचं हाय." मावशी घरात जाऊन त्यांचा धुतलेला सदरा घेऊन आली.

एसटीनं अमरावती, तिथून गाडीनं अकोला. वाटेत काका खिडकीतून सारखे बाहेर पाहत होते, कोणाच्या रानात काय उभं आहे ते. मधेच म्हणाले, "इकडं ओलित हाय. पिकाले पानी देता येते." मी बरं म्हटलं. मला सारखी धास्ती होती. हे पाणी खारंच निघणार, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. मग मी यांना कशासाठी घेऊन चालले आहे? मावशीनं सदरा देताना माझ्याकडे जसं पाहिलं होतं ते पुन्हा पुन्हा आठवत होतं.

बाटल्या लॅबमध्ये दिल्या आणि मी त्यांना ऑफिसात आणलं. आपानं पाणी दिलं, मग तिनंच विचारलं, "काका, बघायचंय का गाव?" आणि छापायचं फंक्शन चालवलं. भातकुली, मग खेड्याचं नाव, मग एकेक शेत. काका वाकून शेजाऱ्यांची नावं वाचत होते. हा आमचा पुतण्या. ह्याची विहीर पडली आता. स्वतःच्या नावाशी थांबले. आदल्या दिवशी आम्ही चूक दुरुस्त करून बागेची नोंद तिथून काढली होती, त्यामुळे त्याखालची जागा कोरी होती.

"हे भरन उद्या?"

"संध्याकाळीच भरेल," आपा म्हणाली.

आकडे आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाणी खारं होतं. सगळ्यात वाईट नव्हतं, पण निशिगंध, शेवंती, ज्यांची स्वप्नं मावशीनं बोअरच्या गाडीशी जोडली होती, त्यातलं काही त्या पाण्यावर जगलं नसतं. लॅबच्या माणसानं सांगितलं की पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी उतरतं तेव्हा खार कमी होतो, तेवढ्यात एखादं लवकर येणारं पीक जमलं तर पाहा. बोअर घेऊन खोल जाऊ नका, खाली आणखी खारं आहे. काकांनी दोनदा विचारून घेतलं, कोणत्या महिन्यापर्यंत.

रात्री अमरावतीला परतल्यावर मी त्यांना भातकुलीच्या शेवटच्या एसटीत बसवलं. त्यांनी खिडकीतून हात केला. मग मी फलाटाच्या बाकावर बसले आणि कितीतरी वेळ उठले नाही. आपण एका बाईच्या तोंडातला घास काढून घेतला, असंच वाटत होतं, घास खोटा होता तरी.

मावशीच्या वावरात न उतरताच बोअरची गाडी पुढच्या गावी निघून गेली. मावशीच्या शेजाऱ्यानं घेतलेल्या बोअरला खारंच पाणी लागलं, पण त्यानं अहवाल बिहवाल काही काढलेला नव्हता, त्यानं नशिबावर घेतला होता. ज्यांचे कागद आमच्या प्रोग्राममुळे चुकले त्यांतल्या एकानं मात्र आधीच खणून टाकलं होतं, दर्यापूरच्या बाजूला. सर स्वतः त्याच्याकडे जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर त्यांनी नियम केला, की नवं काही लिहिलं की आधी त्याचं छापायचं फंक्शन लिहायचं, मगच पुढचं.

मावशी आमच्या गल्लीत यायची बंद झाली. पलीकडच्या गल्लीतून तिची हाक ऐकू यायची. आई एकदा मुद्दाम तिकडे गेली आणि मेथी घेऊन आली. "माझ्याशी बोलली," आई म्हणाली, "तुझं नाव नाही काढलं." मी विचारलं, काका कसे आहेत. आई म्हणाली, "शेतात जातात म्हणे."

पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. मी जाण्याचं ठरवलं, मग रद्द केलं, मग पुन्हा ठरवलं. आपा म्हणाली, "जा. इथं बसून तू सगळ्याले बेचैन करशील." ती हसून म्हणाली, पण मला लागलं. नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलानं दाखवलं, की डीबगरमध्ये एक आज्ञा दिली तर तोही कंसातलं सगळं ओळी पाडून, पायऱ्या करून दाखवतो. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी दुपारी अकोल्याला फोन करून आपाला ते सांगितलं. तिनं आधी ती आज्ञा लिहून घेतली. मग म्हणाली, "पत्त्यावर जाऊन आतलं दाखवते का?"

"नाही. पत्ता आला की थांबतो."

"मग आपलंच बरं."

दसऱ्याला मी घरी आले होते. बाजारात झेंडूचे ढीग लागले होते, इतके की भाव पडला होता. इर्विन चौकातून जाताना एका कापडावर झेंडू मांडून काका बसलेले दिसले. पावसाच्या पाण्यावर त्यांनी एक तुकडा लावला होता. मी थांबले. त्यांनी ओळखलं.

"पुन्याले गेली म्हने तू."

"हो, काका. फुलं चांगली आली."

"आली. सगळ्याचीच आली," ते म्हणाले. त्यांनी ओंजळभर फुलं कागदात बांधली. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले, आणि लगेच मागच्या गिऱ्हाइकाकडे वळून भाव सांगू लागले.